अमेरिकेचं घड्याळ पुढं गेलं, आता सांगलीतल्या कॅलेंडरचं काय करायचं?

मार्च महिन्यातला दुसरा रविवार. सांगलीत दुपारचे साडेबारा वाजतात आणि नेमक्या त्याच क्षणी न्यू जर्सीतल्या घड्याळात रात्रीचे दोन वाजायच्या ऐवजी एकदम तीन वाजतात. दोन ते तीन हा तास तिथं त्या रात्री येतच नाही. आपल्याकडं कुणाला याचा पत्ता लागत नाही, कारण आपलं घड्याळ जागचं हललेलं नसतं. पत्ता लागतो तो पुढच्या चार दिवसांत. विश्रामबागेतले आजी-आजोबा संध्याकाळी सहाला नातवाच्या व्हिडिओ कॉलची वाट बघत बसतात आणि तिकडं नातू शाळेत जाऊन पोचलेला असतो. साताऱ्यात घरून काम करणारा मुलगा साडेसातच्या मीटिंगला अगदी वेळेवर येतो आणि मीटिंग साडेसहालाच होऊन गेलेली असते.

मग लोक कॅलेंडरला दोष देतात. खरं म्हणजे कॅलेंडरचं सॉफ्टवेअर हा बदल आपोआप सांभाळतं. फक्त ती भेट कुठल्या गावच्या घड्याळाला बांधलेली आहे, हे त्याला आपण सांगितलेलं असलं पाहिजे. ते सांगायचं राहून गेलं की सगळा घोळ होतो. म्हणून सेटिंग कुठं असतं हे बघायच्या आधी तिकडं नेमकं काय होतं ते समजून घेऊ. ते डोक्यात बसलं की बटणं पाठ करावी लागत नाहीत.

विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या दिवसाच्या लांबीत फरक पडत जातो. सांगलीत जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण १३ तासांचा, तर डिसेंबरमधला सगळ्यात लहान ११ तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे साडेसोळा तास आणि जेमतेम आठ तास. तिथं उन्हाळ्यात पहाटे चारलाच उजाडायला लागतं आणि लोक मात्र झोपलेले. तो उजेड संध्याकाळी वापरता यावा म्हणून घड्याळच एक तास पुढं करायचं, ही कल्पना. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, आधी जर्मनीनं आणि काही आठवड्यांतच ब्रिटननं ती देशभर लागू केली. अमेरिकेनं १९१८ साली. दिवे आणि कोळसा वाचवणं हा तेव्हाचा हिशोब होता. भारतातही दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं तासभर पुढं होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढं. त्यानंतर आपण साडेपाचावर आलो ते कायमचे.

जाता जाता एक सांगतो. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरवलेली आहे आणि सांगली आहे साधारण साडेचौऱ्याहत्तर अंशावर. त्यामुळं आपलं घड्याळ इथल्या सूर्यापेक्षा बत्तीसेक मिनिटं पुढं असतं. घड्याळातली वेळ ही माणसांनी आपसात ठरवलेली गोष्ट आहे, सूर्यानं दिलेली नव्हे. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

तारखा, आणि मधले अवघड आठवडे

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येतं. ब्रिटन आणि युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं येतं. २०२६ सालच्या तारखा घेतल्या तर अमेरिका ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, युरोप २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

म्हणजे वसंतात अमेरिका पुढं गेलेली आणि युरोप अजून जागच्या जागी, अशी स्थिती कधी दोन तर कधी तीन आठवडे राहते. शरद ऋतूत उलटं. युरोप मागं आलेला असतो आणि अमेरिका आठवडाभर तशीच असते. या मधल्या दिवसांत न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर नेहमीच्या पाच तासांऐवजी चार तासांचं होतं. तुमचं काम फक्त एकाच देशाशी असेल तर हे तुमच्या कानावरही येणार नाही. दोन देशांतली माणसं एका कॉलवर आणायची असतील, तर खरी कसोटी याच आठवड्यांत लागते.

मिरजेचं उदाहरण घेऊ. तंतुवाद्यांचं आणि गाण्याचं हे गाव, आणि आता इथून ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या बाई-गुरुजींचे विद्यार्थी जगभर आहेत. समजा एका बाईंचा दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाचा वर्ग आहे. त्यात दोन मुली न्यू जर्सीच्या, एक मुलगा लंडनचा, बाकीचे पुण्याचे. हिवाळ्यात साडेसहा म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे आठ आणि लंडनमध्ये दुपारचा एक. ७ मार्चच्या शनिवारपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर न्यू जर्सीहून आईचा निरोप येतो, “बाई, आमच्याकडं घड्याळ पुढं गेलंय. आता वर्ग कितीला धरायचा?”

याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पण त्यातलं एकच निवडावं लागतं.

बाई म्हणाल्या, “माझी साडेसहाची वेळ कायम,” तर १४, २१ आणि २८ मार्चला न्यू जर्सीच्या मुली सकाळी नऊला बसतील आणि लंडनचा मुलगा पूर्वीसारखाच एक वाजता. ४ एप्रिलपासून लंडनचेही दोन वाजतील. प्रत्येक गावात वेळ एकदाच बदलली, बाईंची आणि पुण्याच्या मुलांची बदललीच नाही.

बाई म्हणाल्या, “मुलींची सकाळी आठचीच वेळ ठेवू,” तर १४ मार्चपासून बाईंचा वर्ग संध्याकाळी साडेपाचला येईल, पुण्याच्या मुलांचाही. आणि लंडनच्या मुलाला तीन शनिवार दुपारी बारा वाजता बसावं लागेल, मग ४ एप्रिलपासून पुन्हा एक वाजता. ज्याच्या गावचं घड्याळ अजून हललेलंच नाही, त्याला तीन आठवडे तासभर अलीकडं यायचं आणि मग परत जायचं.

माझं स्पष्ट मत असं की अशा वर्गासाठी भारताची वेळच धरावी. सगळ्यांत फक्त आपलंच घड्याळ वर्षभर स्थिर आहे. शिवाय शिकवणाऱ्याचा रियाज, घरातला स्वयंपाक, पाठोपाठचा दुसरा वर्ग, हे सगळं त्याला टेकून उभं असतं. आपल्याकडची शिकवणारी माणसं संकोचापोटी दरवेळी समोरच्याच्या सोयीनं सरकतात आणि मग आठवडाभराचं वेळापत्रक विस्कटतं. तसं करू नका. याउलट समोर न्यू जर्सीतलं अख्खं ऑफिस असेल, त्यांच्या आठ-दहा माणसांचा दिवस त्या मीटिंगनं सुरू होत असेल, तर त्यांचं घड्याळ धरणं रास्त आहे. तिथं आपण सरकायचं. त्यांची सकाळी नऊची मीटिंग हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसातला आणि उन्हाळ्यात साडेसहाला येणार, हे गृहीत धरूनच चालायचं.

कॅलेंडरच्या आत वेळ कशी लिहिलेली असते

पंचांगात सूर्योदयाची वेळ कुठल्या गावची ते छापलेलं असतं. गाव न बघता ती वेळ घेतली तर ती आपल्याकडं लागू पडत नाही. कॅलेंडरमधल्या नोंदीचंही तसंच. ‘शनिवारी आठ’ एवढ्यावर काही ठरत नाही, ‘शनिवारी आठ, न्यूयॉर्क’ म्हटल्यावर ठरतं. गूगल कॅलेंडर, आउटलुक, आयफोनचं कॅलेंडर, सगळे आतमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या भेटीसोबत असं एक गाव लिहून ठेवतात. त्याला टाइम झोन म्हणतात. एकदाच होणाऱ्या भेटीसाठी जगाची मूळ वेळ, म्हणजे यूटीसी, लिहून ठेवली तरी भागतं. दर आठवड्याच्या भेटीला ते चालत नाही. न्यूयॉर्कची सकाळी आठची वेळ यूटीसीत हिवाळ्यात दुपारची एक असते आणि उन्हाळ्यात बारा. एकच आकडा वर्षभर पुरत नाही, म्हणून गाव लिहावं लागतं.

गाव लिहिलं की सॉफ्टवेअर एका तक्त्यात बघतं. जगातल्या कुठल्या भागात घड्याळ कधी पुढं जातं, कधी मागं येतं, पूर्वी काय नियम होते, याची ही नोंद १९८०च्या दशकापासून सांभाळली जाते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि पुढं पॉल एगर्ट यांच्या देखरेखीखाली ती चालत आली. आपला देश तिथं ‘एशिया/कोलकाता’ या नावानं आहे. यादीत सांगली किंवा सातारा शोधत बसू नका, सगळ्या भारताला ती एकच नोंद आहे. विंडोजमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी ओळ दिसते, तीच आपली.

देशोदेशीची सरकारं नियम बदलत असतात, म्हणून हा तक्ताही बदलत राहतो. मेक्सिकोनं २०२२ साली देशाच्या बहुतेक भागात घड्याळ पुढं-मागं करणं बंद केलं. इजिप्तनं २०२३ साली ते पुन्हा सुरू केलं. युरोपच्या संसदेनं २०१९ साली ही पद्धत थांबवण्याच्या बाजूनं मत दिलं, पण सदस्य देशांचं एकमत झालं नाही आणि ती चालूच राहिली. तक्त्यात झालेला बदल आपल्या फोनवर सिस्टिम अपडेटमधून येतो. म्हणून अपडेट टाळत राहिलेल्या जुन्या फोनवर एखाद्या देशाची वेळ तासानं चुकलेली दिसू शकते, जरी आपली स्वतःची वेळ बिनचूक असली तरी.

याचा सगळ्यात मोठा दणका बसला तो २००७ साली. त्याआधी अमेरिकेत घड्याळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढं जायचं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं यायचं. २००५ साली केलेल्या ऊर्जाविषयक कायद्यानं हा काळ लांबवला आणि २००७पासून आजचा नियम लागू झाला. त्या वेळच्या आउटलुकमध्ये भेटीची वेळ आतून यूटीसीत ठेवलेली असायची. कुणी जानेवारीत १५ मार्चची सकाळी नऊची भेट टाकली, तर जुन्या नियमानं ती यूटीसी १४:०० अशी नोंदली गेली. मग संगणकावर नवा नियम आला. आता त्याच १४:०० चे न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा झाले. भेट कुणी हलवली नव्हती, तरी ती तासभर पुढं सरकलेली दिसायला लागली. आणि सगळ्यांच्या संगणकांवर नवा नियम एकाच दिवशी पोचलेला नव्हता, त्यामुळं एकाच मीटिंगची वेळ दोघांना वेगवेगळी दिसायची. मायक्रोसॉफ्टला चुकलेल्या नोंदी जागेवर आणण्यासाठी वेगळं टूल काढावं लागलं. नियम बदलणं सोपं होतं. जुन्या नियमानं आधीच लिहून ठेवलेल्या नोंदी दुरुस्त करणं हे खरं काम होतं.

आता प्रत्यक्ष हातानं करायचं ते

गूगल कॅलेंडरमध्ये नवी नोंद करताना वेळेजवळच टाइम झोनचा पर्याय असतो. आपण तो कधी उघडत नाही, म्हणून नोंद आपोआप भारताच्या वेळेवर बसते. न्यू जर्सीच्या घड्याळाला बांधायची असेल तर तिथं न्यूयॉर्क, म्हणजे ईस्टर्न टाइम, निवडा आणि वेळ त्यांचीच टाका. साडेदहा तासांचा हिशोब तुम्ही करू नका, तो करायलाच सॉफ्टवेअर आहे. आयफोनवर नोंदीच्या सुरुवातीच्या वेळेवर बोट ठेवलं की खाली टाइम झोनची ओळ उघडते. आउटलुकमध्ये मीटिंगच्या खिडकीत वर ‘टाइम झोन्स’ असं बटण आहे.

निवडताना एक फसगत हमखास होते. जानेवारीत लंडनची वेळ आणि ग्रीनिचची वेळ एकच असते, म्हणून लोक ‘यूटीसी’ किंवा ‘जीएमटी’ निवडून मोकळे होतात. मार्चअखेर लंडन पुढं जातं, यूटीसी जात नाही, आणि नोंद तासानं चुकते. विंडोजच्या यादीत तर शून्य तासांच्या दोन ओळी जवळजवळ असतात, एकीत लंडन आणि दुसरीत रेकजाविक. रेकजाविक आइसलंडमध्ये आहे आणि तिथं घड्याळ वर्षभर हलत नाही. तुम्हाला लंडनच हवं. तसंच अमेरिकेतल्या ॲरिझोनाची ओळ वेगळी आहे, कारण त्या राज्याच्या बहुतेक भागात घड्याळ बदलत नाही. तिथल्या फिनिक्स शहरात राहणाऱ्या मुलासाठी शेजारच्या राज्यांची ‘माउंटन टाइम’ ही ओळ निवडली तर निम्म्याहून जास्त वर्ष वेळ चुकेल. आणि न्यूयॉर्कच्या ओळीपुढं विंडोजमध्ये उन्हाळ्यातही ‘उणे पाच’ असंच लिहिलेलं दिसतं. ते बघून घाबरू नका. ते तिथल्या मूळ वेळेचं लेबल आहे, उन्हाळ्याचा तास आतून धरलेला असतो.

नोंद केली की लगेच तपासून घ्या. कॅलेंडर पुढं सरकवत न्या, मार्चच्या पहिल्या आठवड्यावरून थेट एप्रिलवर या. न्यूयॉर्कला बांधलेली नोंद तुमच्या पडद्यावर एक तास अलीकडं आलेली दिसली पाहिजे. साडेसात असेल तर साडेसहा. ती साडेसातलाच बसून राहिली असेल तर ती भारताच्या वेळेला बांधलेली आहे. याला मिनिट लागतं आणि महिनाभराचा मनस्ताप वाचतो.

तीन गोष्टी मात्र करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. पहिली, दुसऱ्यानं पाठवलेलं आमंत्रण आपल्या कॅलेंडरवर बोटानं ओढून तासभर सरकवू नका. पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं ओढलेली नोंद बहुतेक वेळा फक्त त्याच्याच कॅलेंडरवर हलते. मूळ आमंत्रण जागेवर राहतं, आणि नोव्हेंबरात पुन्हा गोंधळ. वेळ बदलायची असेल तर ज्यानं आमंत्रण पाठवलं त्यालाच बदलायला सांगा. दुसरी, संगणकाचं घड्याळ हातानं पुढं-मागं करू नका. त्यानं एक मीटिंग जुळल्यासारखी वाटेल, पण ईमेलच्या वेळा चुकतील आणि फोनवर हे केलं तर दर ३० सेकंदांनी आकडा बदलणारी लॉगिनची ॲप चालेनाशी होतील, कारण ती खऱ्या वेळेवरच आकडा काढतात. तिसरी, आपण भारतात बसलेलो असताना संगणकाचा स्वतःचा टाइम झोन न्यूयॉर्कचा करू नका. त्यांची वेळ डोळ्यांसमोर हवी असेल तर गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोन दाखवायची सोय आहे, आउटलुकमध्येही आहे. डाव्या कडेला दोन्ही वेळा शेजारी शेजारी दिसतात. ज्यांचं रोजचं काम परदेशाशी आहे त्यांनी ही सोय सुरू करूनच ठेवावी.

तासगावची द्राक्षं आणि मार्चचा शेवट

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नेमका ऐन हंगामात पडतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातली निर्यातीची द्राक्षं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बाहेर जातात. भारतीय द्राक्षांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नेदरलँड्स, माल उतरतो रॉटरडॅमला. समजा तिकडच्या व्यापाऱ्याशी दर बुधवारी त्यांच्या सकाळी दहाला बोलणं ठरलेलं आहे. मार्चअखेरपर्यंत हा फोन आपल्या दुपारी अडीचला येतो. पॅकहाउसमधली जेवणाची सुट्टी संपलेली असते, माणसं पुन्हा कामाला लागलेली असतात. २९ मार्च झाला की १ एप्रिलच्या बुधवारी तोच फोन दीडला येतो, ऐन सुट्टीत. कंटेनर कधी लागणार, भाव काय, बोटीची तारीख कुठली, हे विचारायला समोरचा माणूस बसलेला आणि इकडं फोन उचलायला कुणी नाही. हंगामाच्या शेवटी भाव आधीच डळमळीत असताना एक चुकलेला फोन महागात जातो.

ही नोंद ॲमस्टरडॅमच्या टाइम झोनवर, दर बुधवारी सकाळी दहा, अशी करून ठेवावी. रॉटरडॅम यादीत मिळणार नाही, साऱ्या नेदरलँड्सची वेळ एकच. आणि ती फक्त मालकाच्या फोनवर राहू देऊ नये. पॅकहाउस सांभाळणाऱ्यालाही आमंत्रण पाठवावं. व्हॉट्सॲपवर ‘बुधवारी दहाला’ असं लिहिलं तर त्या मजकुराला गाव नसतं, कॅलेंडरच्या आमंत्रणाला असतं, आणि ते ज्याच्या त्याच्या गावच्या वेळेत आपोआप दिसतं. मजकुरातच लिहायचं झालं तर ‘रॉटरडॅमचे सकाळी दहा, भारताचे दुपारी दीड’ अशी दोन्ही गावं लिहावीत. परदेशातली माणसं सवयीनं वर्षभर ‘सीईटी’ (युरोपची हिवाळ्यातली वेळ) किंवा ‘ईएसटी’ (न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ) लिहितात, जरी उन्हाळ्यात ती वेळ चालू नसली तरी. शंका आली तर सरळ विचारावं, “तुमच्या शहरातल्या घड्याळात किती वाजलेले असतील?”

ज्यांना कॅलेंडरपेक्षा भिंतीवरचा कागद बरा वाटतो त्यांच्यासाठी आकडे असे. न्यूयॉर्क-न्यू जर्सी आपल्या मागं हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. लंडन साडेपाच आणि साडेचार. जर्मनी, नेदरलँड्स साडेचार आणि साडेतीन. सिडनी आणि मेलबर्न आपल्या पुढं, आणि तिथले ऋतू उलटे. एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून साडेचार तास, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून साडेपाच. ब्रिस्बेनला मात्र बारा महिने साडेचारच. दुबई आपल्या दीड तास मागं आणि सिंगापूर अडीच तास पुढं. तिथं घड्याळ बदलत नाही, त्यामुळं त्या नोंदींना हात लावायची गरज नाही.